सूतगिरणीत मानसिक प्रथमोपचारक नेमताना व्यवस्थापनाकडून काय लिहून घ्यावं?

तिसरी_पाळी

नमस्कार मंडळी. आमची सूतगिरणी यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून ९ किलोमीटरवर आहे. तीन पाळ्या चालतात. कायम आणि बदली मिळून २४० कामगार, त्यात साठेक बाया. ठेकेदाराचे हमाल वेगळे. व्यवस्थापनाने दोन मानसिक प्रथमोपचारक, म्हणजे मनाच्या त्रासात असलेल्या सहकाऱ्याचं ऐकून त्याला पुढच्या मदतीपर्यंत नेणारे, नेमायचं ठरवलं आहे. एक मी, रिंग फ्रेमवर (सूत कातायच्या यंत्रावर) साइडर, म्हणजे तुटलेले धागे जोडणारा. दुसरे टाइम ऑफिसातले एक भाऊ. प्रशिक्षण दोन दिवसांचं, खर्च गिरणी करणार.

नेमणूकपत्राचा मसुदा हातात आला आहे. त्यातली तीन कलमं खटकून राहिली आहेत:

– दर महिन्याच्या ५ तारखेला ‘भेटलेल्या कामगारांची नावे व समस्येचे स्वरूप’ एचआरला द्यायचं.
– सलग तीन दिवस विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्याला आधी आमच्याकडे पाठवणार.
– हे काम ‘नेहमीच्या कामाव्यतिरिक्त’ करायचं.

काम मनापासून करायचं आहे, पण या अटींवर सही करावी की नाही हे समजत नाही. आणि रात्री दोन वाजता कोणी ‘जगायची इच्छा नाही’ म्हटलं तर नेमकं काय करायचं, हेही पत्रात असावं का? ग्रामीण रुग्णालय ९ किलोमीटर, जिल्ह्याचं ठिकाण पन्नासच्या वर.

पऱ्हाटी

भाऊ, सही सध्या थांबवा. व्यवस्थापनाचा हेतू वाईट असेलच असं नाही. असे मसुदे बहुतेक वेळा प्रथमोपचार पेटीच्या नोंदवहीवरून उचललेले असतात. कोणाचं बोट कापलं, कोणती पट्टी लावली, हे त्या वहीत लिहावंच लागते. पण तीच वही मनाच्या दुखण्याला लावली की पहिल्या महिन्यातच लोक बोलणं बंद करतात. आपलं नाव ५ तारखेला वर गेलं हे दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये माहीत होते, आणि मग तुमच्याकडे कोणी फिरकत नाही.

पहिल्या कलमाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये रुग्णाच्या माहितीची गोपनीयता आहे. पण ती बांधते उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांना. तुम्ही डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. त्यामुळे ‘कायद्यानं मला सांगता येत नाही’ असं म्हणून तुम्हाला सुटता येणार नाही. तुमची ढाल म्हणजे हे नेमणूकपत्रच. म्हणून ते कलम नुसतं काढायला सांगू नका, त्याच्या जागी उलट अर्थाचं कलम टाकायला लावा. साधारण असं:

‘कामगाराने प्रथमोपचारकाला सांगितलेली माहिती, त्याचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील व्यवस्थापन, सुपरवायझर, ठेकेदार अथवा युनियन मागणार नाही. जिवाला तात्काळ धोका असल्यास मदतीसाठी आवश्यक तेवढीच माहिती, आवश्यक त्याच व्यक्तीला, शक्यतो कामगाराला आधी सांगून दिली जाईल. माहिती न दिल्याबद्दल प्रथमोपचारकावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही.’

शेवटचं वाक्य गाळू देऊ नका. पुढे वाद झाला तर तेच कामी येते.

एचआरला काहीच द्यायचं नाही असं नाही. खर्च ते करतात, तर हिशेब हवाच. तो आकड्यांत द्या आणि महिन्याला नाही, तीन महिन्यांनी: किती जण बोलले, किती जणांना पुढे पाठवलं, कारणं ढोबळमानाने कोणती (झोप, कर्ज, घरचा वाद, पाळी, दारू, साहेबांची वागणूक). विभागवार किंवा पाळीवार फोड करू नका. ‘ऑटोकोनर खातं, दुसरी पाळी, महिला, १’ असं लिहिलं म्हणजे नावच लिहिलं. पाचपेक्षा कमी आकडा असेल तर फक्त ‘पाचपेक्षा कमी’ लिहा. तुमच्याजवळची वहीसुद्धा तेवढीच ठेवा: तारीख, किती मिनिटं, कुठे पाठवलं. नाव नाही, मोबाइलवर नोंद नाही, व्हॉट्सॲपवर तर एक शब्द नाही.

दुसरं कलम पूर्ण काढायला लावा. गैरहजर माणूस आधी प्रथमोपचारकाकडे आणि मग मेमो, असा क्रम एकदा दिसला की तुमची खोली मेमोची पायरी होते. तुमच्याकडे येणं फक्त स्वतःच्या मर्जीनं. सुपरवायझर ‘तिथे माणूस आहे, वाटलं तर बोल’ एवढं म्हणू शकतो. गेला की नाही हे त्यानं नंतर विचारायचं नाही.

तिसऱ्या कलमाचा फटका तुम्हालाच बसेल. साइडर बाजूला गेला की तुटलेले धागे जोडायला कोणी राहत नाही, फ्रेमचं उत्पादन घसरते आणि बोल जॉबरपासून (खात्यातल्या मुकादमापासून) तुमच्यापर्यंत येतात. नीट बोलायला २० ते ४० मिनिटं लागतात. पत्रात लिहून घ्या की तेवढ्या वेळाला बदली साइडर देण्याची जबाबदारी जॉबरची, वेळ हजेरीत धरायचा आणि उत्पादन बोनसमधून कपात नाही. ‘सुटीनंतर बोलू’ हा पर्याय चालत नाही. सुटी झाली की माणूस गिरणीच्या बसमध्ये बसतो आणि बस कोणासाठी थांबत नाही.

टाइम ऑफिसातल्या भाऊंबद्दल: माणूस चांगला असेल, जागा चुकीची आहे. ज्याच्या हातात हजेरी, उशीर आणि खाडे आहेत त्याच्याशी खाड्याचं खरं कारण कोणी बोलत नाही. सुपरवायझर, जॉबर, ठेकेदाराचा मुकादम, एचआर यांनाही हेच लागू. आणि दोघं मुळातच पुरत नाहीत. तीन पाळ्या, त्यात साप्ताहिक सुटी, त्यात पाळी बदलणं. दोघांत एक पाळी कायम रिकामी राहील आणि ती बहुतेक रात्रीची असेल. किमान चार मागा, सहा मिळाले तर उत्तम. त्यात दोन बाया हव्यातच. कामगार झरी-जामणी, केळापूरकडचे असतील तर कोलामी किंवा गोंडी बोलणारा एक बघा. परप्रांतीय कामगार असतील तर हिंदीत मोकळं बोलणारा एक.

जागेचं: रिंग फ्रेम खात्यात ओरडूनच बोलावं लागते, तिथे हे होणार नाही. खोली टाइम ऑफिसला लागून नको, दारावर ‘मानसिक’ अशी पाटी नको. गाठींच्या आवाराला एक चक्कर मारत बोललं तरी चालते. सोबत चालताना माणूस जास्त बोलतो, समोरासमोर खुर्ची टाकली की चौकशी वाटते.

आणखी दोन ओळी घाला. प्रथमोपचारक पद कधीही, कारण न देता सोडू शकतो आणि त्याचा नोकरीवर परिणाम नाही. दुसरं, प्रथमोपचारक कोणाला हातउसने पैसे देणार नाही, कोणाच्या उचलीसाठी शिफारस करणार नाही. ही ओळ कठोर वाटते, पण पैसे दिले की तुम्ही सावकार होता, आणि तो माणूस पुढच्या वेळी तोंड चुकवतो. तेव्हाच त्याला तुमची गरज जास्त असते.

पळस

पऱ्हाटींनी पत्राचं नीट मांडलं आहे. मी रात्री दोनच्या प्रश्नावर येतो. हो, हे पत्रात नाही पण पत्रासोबत एका पानावर असावं, आणि ते पान गेटवर, सिक रूममध्ये आणि प्रत्येक पाळीच्या इन्चार्जकडे असावं.

आधी विचारायचं कसं ते. ‘वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ असं विचारू नका. या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे, माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येते का?’ असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येत नाही, उलट माणसाला हलकं वाटते. उत्तर ‘हो’ आलं तर शांतपणे पुढचं: कसं करायचं हे ठरवलं आहे का? त्यासाठी काही जवळ किंवा घरी ठेवलं आहे का? कधी, आजच का? याआधी कधी प्रयत्न झाला होता का? ठरवलेलं आहे, साधन हाताशी आहे आणि वेळ जवळची आहे, तर तो तातडीचा प्रसंग समजा. मग गोपनीयता मागे पडते आणि ते त्याला तोंडावर सांगायचं: ‘हे मी एकट्याजवळ ठेवू शकत नाही, तुझ्या जिवाचा प्रश्न आहे. कोणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.’ ‘कोणालाच सांगणार नाही’ असा शब्द सुरुवातीलाच देऊन बसू नका, इथे तो मोडावा लागतो.

त्यानंतर:

त्याला एकटं सोडायचं नाही, संडासला गेला तरी बाहेर उभं राहायचं. घरी जातो म्हणाला तर मोटारसायकलवर एकटा सोडायचा नाही. इन्चार्जला फक्त एवढंच सांगायचं, ‘तब्येतीचं तातडीचं आहे, दोन माणसं मोकळी करा.’ १४४१६ लावायचा. हा टेली मानस, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेला, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येते. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६. त्याच्या परवानगीनं स्पीकरवर ठेवा. धोका समोर दिसत असेल तर आधी १०८ आणि ११२. घरचा असा एक माणूस बोलवा ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे. तो बाप किंवा नवरा असेलच असं नाही, त्यालाच विचारा.

हे सगळं दिवसा एकदा करून पाहा. मशीन खात्यात मोबाइलला रेंज असते का, गेटवरचा फोन रात्री चालू असते का, १०८ वाल्याला गिरणीचा पत्ता कोणत्या खुणेनं सांगायचा, रात्री मागचं फाटक कोण उघडते. वेळ नेमका याच ठिकाणी जातो.

आपल्या भागात एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. कोणी ‘औषध घेतलं’ म्हटलं तर ताबडतोब विचारा, कोणतं? गोळी की फवारणीचं? फवारणीचं असेल तर बोलत बसायचं नाही. १०८, आणि डबा किंवा लेबल सोबत. मिठाचं किंवा साबणाचं पाणी पाजून उलटी काढू नका. ते फुप्फुसात गेलं तर नुकसान वाढते. कपड्यावर सांडलं असेल तर हातमोजे घालून कपडे काढा, कातडी पाण्यानं धुवा. माणूस ठीक दिसत असला तरी रुग्णालयात न्यायचाच. घरचे पोलिसांच्या भीतीनं लपवतात. रुग्णालय एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) करेल हे खरं, पण २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जाते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या ३०९ (आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा) सारखं कलमच नाही. हे घरच्यांना दोन वाक्यांत सांगता आलं तर वाटेतला अर्धा तास वाचते.

गिरणीच्या कॉलनीत किंवा गोदामात कीटकनाशक, उंदराचं औषध ठेवलं असेल तर व्यवस्थापनाकडून दोन कुलपं मागा, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. हा खर्च अगदीच थोडा आहे, आणि सगळ्या पोस्टरांपेक्षा यानं जास्त जीव वाचतात. साधन हाताशी नसलं की तो क्षण टळते, आणि टळलेला क्षण बऱ्याचदा परत येत नाही.

जे मानसिक वाटते पण नसते, तेही पानावर लिहा. छातीत दुखणं, घाम, जीव घाबरणं याला ‘टेन्शन आहे’ म्हणून पाणी पाजत बसू नका, हृदयाचं नाही हे डॉक्टर ठरवेल. एप्रिल-मे मध्ये माणूस असंबद्ध बोलायला लागला तर आधी उष्माघात बघा: सावली, अंगावर पाणी, पंखा, १०८. साखर कमी झाल्यावरही माणूस भांबावते. आणि दारू एकदम सोडलेल्याचं वेगळं. पहिल्या दिवशी हात थरथरतात, दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान त्याला नसलेलं दिसते, ऐकू येते. गावात याला बाहेरची बाधा समजून दुसरीकडेच नेतात. यात जीव जाऊ शकते, रुग्णालयच लागते. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिकडे माहेरी, सासरी, लग्नाला चार दिवस गेलेल्या पिणाऱ्याचा पुरवठा एकदम तुटू शकते. परतल्यावर त्याच्याकडे लक्ष असू द्या.

तिसरी_पाळी

खूप खूप आभार. कलम जसंच्या तसं उचलतो. दोन गोष्टी राहिल्या. एक, ठेकेदाराचे हमाल आमच्याकडे येऊ शकतात का? दोन, एक कामगार नागपूरला उपचार घेऊन पुढच्या आठवड्यात रुजू होणार आहे, गोळ्या चालू आहेत. सुपरवायझर म्हणते, ‘कोणता आजार आहे ते लिहून आणल्याशिवाय मशीनवर घेत नाही.’ यात प्रथमोपचारकानं पडावं का?

हिशेबनीस

आजाराचं नाव मागायचा सुपरवायझरला काही अधिकार नाही आणि त्याला त्याचा उपयोगही नाही. त्याला माहीत असायला हवं ते वेगळं आहे: हा माणूस कोणतं काम करू शकते, कोणतं सध्या नको. म्हणून डॉक्टरकडून ‘कामास योग्य’ असा दाखला आणायचा, त्यात निदान नको, कामाच्या मर्यादा हव्यात. उदाहरणार्थ ‘चार आठवडे रात्रपाळी नको’, ‘उंचीवर आणि फिरत्या यंत्राजवळ एकटा नको’.

पण डॉक्टरला गिरणी माहीत नसते. तुम्ही इथेच मदत करू शकता. कामगाराच्या हाती एक चिठ्ठी द्या: काम काय, पाळी कोणती, खात्यात किती गरम असते, पाणी प्यायला किती वेळानं जाता येते. झोप आणणाऱ्या गोळ्या आणि रात्रपाळी यांचं जमत नाही. लिथियम (मनाचे चढउतार आवरणारी गोळी) चालू असेल तर घाम जास्त आणि पाणी कमी झालं की त्याची रक्तातली मात्रा वाढते आणि विषबाधा होऊ शकते. काही गोळ्यांनी घाम येणंच कमी होते. विदर्भातल्या मे महिन्यात हे अगदी खरं दुखणं आहे. कोणती गोळी आहे हे तुम्हाला माहीत व्हायची गरज नाही, डॉक्टरला उष्णता माहीत व्हायची गरज आहे. गोळी स्वतःहून बंद करू नको, एवढं मात्र कामगाराला जरूर सांगा. ‘बरं वाटते, कशाला खायची’ म्हणून सोडलेल्या गोळीनं माणूस परत आडवा होते.

रुजू होण्याचा पहिला दिवस सोमवार नको, आठवड्याच्या मधला ठेवा म्हणजे पहिला आठवडा छोटा होते. शक्य असेल तर पहिले दहा-बारा दिवस सकाळची पाळी आणि हलकं खातं. व्यवस्थापन कुरकुरलं तर दाखवायला कायदा आहे: अपंगत्व अधिकार कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार धरलेला आहे आणि २० किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं असते. पण कायदा शेवटी काढा, आधी बोला.

रजेच्या पगाराचं: तुमच्या भागात ईएसआयसी (कामगार राज्य विमा) लागू असेल आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर आजारपणाच्या लाभात मजुरीच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. बदली कामगाराचं घोडं या ७८ दिवसांवरच अडते, म्हणून हजेरी आधी मोजून घ्या. लांबलेल्या आजारांच्या ३४ च्या यादीत सायकोसिस (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) आहे. त्यात ८० टक्क्यांनी पुढे दोन वर्षांपर्यंत लाभ वाढू शकते, मात्र नोकरीची दोन वर्षं झालेली हवीत. हे तुम्ही त्याला सांगितलं तरी मोठं काम झालं. पगार बंद होण्याच्या भीतीनं लोक उपचार अर्ध्यावर टाकतात.

हमालांबद्दल: येऊ शकतात, पण ते पत्रात स्पष्ट असलं पाहिजे. ‘आवारात काम करणारा प्रत्येक जण, ठेकेदाराचा असो वा रोजंदारीचा’ असे शब्द घाला. आणि ठेकेदाराच्या करारात एक ओळ: बोलायला गेलेल्या वेळेची मजुरी कापणार नाही. नगावर मजुरी असलेला हमाल अर्धा तास बसला तर त्याची मजुरी बुडते. मग तो येतच नाही आणि कागदावर दिसते की हमालांना काही त्रास नाही.

पळस

पुढे पाठवण्याच्या साखळीबद्दल एक राहिलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला होता. १८ महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथे गावातलीच शिकवलेली माणसं होती, पण त्यांच्या मागे समुपदेशक आणि त्याच्या मागे मानसोपचारतज्ज्ञ होता. तुमच्या मागे कोण आहे हे प्रशिक्षणाआधी ठरवा. ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा डॉक्टर कोणत्या वारी येते, ते विचारून भिंतीवर लावा. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय शेवटी आहेच, पण तिथलं नाव आधी काढलं की माणूस घाबरून मागे फिरते. गावाकडे आशाताई आणि उपकेंद्रातल्या सामुदायिक आरोग्य अधिकारी असतात, त्यांना ओळखून ठेवा.

आणि तुम्हाला स्वतःला बोलायला कोण, हेही पत्रात मागा. महिन्यातून एकदा बाहेरच्या समुपदेशकासोबत तासभर, खर्च गिरणीचा. गिरणीत कोणाचा मृत्यू झाला तर सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘काय पाहिलं ते सांगा’ असं करू नका, अशी सक्ती त्रास वाढवते. ज्याला बोलायचं त्याच्यासाठी जागा उघडी ठेवा, बाकीच्यांना घरी सोडायला गाडी द्या.

पऱ्हाटी

तिमाही बैठकीत आकड्यांसोबत कारणांवरही बोलायची मुभा पत्रात घ्या, नाहीतर तुम्ही फक्त गळतं पाणी पुसत बसाल. पाळी बदलताना सकाळ, दुपार, रात्र असा पुढचा क्रम ठेवला तर शरीराला सोपं जाते, उलटा क्रम झोप मोडतो. पगाराची तारीख पक्की हवी. आणि तुमचे अर्धे कामगार शेतकरीच असतील: जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, मग कापूस वेचणी. त्या आठवड्यांतल्या रजा मार्चमध्येच लिहून घेतल्या तर खाडे, मेमो आणि रात्रीची भांडणं तिन्ही कमी होतात. पेरणीच्या दिवसांत ‘मन लागत नाही’ म्हणणाऱ्याला कधी कधी चार दिवसांची रजाच हवी असते.

नवा मसुदा आला की गिरणीचं आणि माणसांची नावं काढून इथे टाका, कलमवार पाहू.

तिसरी_पाळी

टाकतो. शुक्रवारी एचआरशी बसायचं आहे. गेटवरच्या फोनची आणि मागच्या फाटकाची चाचणी आज रात्रीच करतो.